धागा: शाई, यादी आणि रांग – मतदानाचा अभिमान नक्की कशाचा?

चावडीवाचक :

२५ जानेवारी आला की शाळा-कचेऱ्यांत मतदार दिनाची शपथ होते. निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० ला स्थापन झाला, म्हणून २०११ पासून हा दिवस पाळतात. शपथ, रांगोळ्या, प्रभातफेरी, आणि प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी शाईच्या बोटाचा फोटो. त्यात वावगं काही नाही. पण अभिमान नक्की कशाचा, असं विचारलं की गाडी 'लोकशाहीचा उत्सव', 'राष्ट्रीय एकात्मता' या स्टेशनांवर थांबते. जरा आत शिरून बोलू या.

माझ्या मते अभिमान वाटायला हवा तो यादीचा. घटनेचं ३२५ वं कलम सांगतं की प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग या कारणावरून कुणालाही तिच्यातून वगळता येणार नाही, की त्याच कारणावरून खास यादीत जागा मागता येणार नाही. आज हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांपासून इथे धर्मावरून वेगळे मतदारसंघ होते, आणि मताचा हक्क सारा, कर, शिक्षण पाहून मिळायचा. १९५० मध्ये हे सगळं मोडून २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एकाच वहीत घेतलं. ६१ व्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून वय १८ वर आलं.

पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार १७ कोटींच्या वर, त्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. मतपत्रिका रुपयाच्या नोटेएवढी, छापली नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. पोलादी पेट्या लाखोंनी बनल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती, हव्या त्या पेटीत टाकायची, बस्स. त्यातला दोषही उघड होता. आडोशाआड गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता, आणि असा कोरा कागद विकता येत होता. पुढे सगळ्या उमेदवारांची नावं एकाच कागदावर आली आणि शिक्का मारायची पद्धत रुळली, त्यामागे हेही एक कारण होतं.

यादी करतानाची एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. अनेक बायकांनी नाव सांगितलं नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख नावं यादीबाहेर राहिली. निर्णय कडक होता, त्या निवडणुकीपुरता अन्यायाचाही. पण मत द्यायचं तर स्वतःचं नाव लागतं, हे त्यातून गावोगाव पोचलं.

इथे बरेच जाणकार आहेत. शाई, यंत्र, यादी, केंद्र, ज्याला जे ठाऊक त्याने ते तपशिलात लिहा. राजकीय पक्षांवर घसरू नये ही विनंती.

ठिपका :

शाईपासून सुरू करतो. १९६२ च्या निवडणुकीपासून ही शाई म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी पुरवते. मूळ कारखाना १९३७ चा, म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या काळातला. शाईचं सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं. मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट. कातडीवरच्या मिठाशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनतं आणि उजेड लागला की ते काळपट जांभळं होतं. म्हणजे हा रंग वरून फासलेला नसतो, कातडीतच धरलेला असतो. म्हणून साबण, रॉकेल काही चालत नाही. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा मात्र नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच. म्हणूनच २००६ पासून नुसता ठिपका न लावता नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत रेघ ओढतात. रेघेत नख आणि कातडी दोन्ही यायला हवं. घाईत फक्त कातडीवर टेकवलेली काडी हा नेहमीचा दोष.

केंद्रावर काय पाहायचं? बोट तेलकट असेल तर आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर शाई धरत नाही. शाई लावायची ती सहीच्या टेबलावर, म्हणजे यंत्रापर्यंत पोचून बाहेर पडेपर्यंत ती वाळते. बाटली कलंडू नये म्हणून वाटीत किंवा डब्यात वाळू भरून तिच्यात रोवून ठेवतात. हा सल्ला अधिकाऱ्यांच्या हस्तपुस्तिकेतला आहे. कलंडलेली बाटली म्हणजे टेबल, रजिस्टर आणि अधिकाऱ्याची दहाही बोटं रंगली.

बोटाचा क्रमही नियमात ठरलेला आहे. डाव्या हाताची तर्जनी. ती नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजवी तर्जनी किंवा उजव्या हाताचं कुठलंही बोट, आणि दोन्ही हातांना बोटं नसतील तर हाताचं जे टोक असेल त्यावर. फेरमतदान असेल तर डाव्या हाताचं मधलं बोट, कारण तर्जनीवर आधीची खूण असतेच. १९६१ च्या निवडणूक नियमांचा हा भाग मला फार आवडतो. हात नसलेल्या माणसाचाही विचार करून ठेवलाय, आणि सवलत म्हणून नव्हे, त्याची खूणही पक्कीच हवी म्हणून.

शाई लावून घ्यायला नकार दिला किंवा ती पुसायला लागलं तर मत देता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

रानजाई :

पण आमच्याकडे पालिकेच्या निवडणुकीत मार्कर पेन वापरलं होतं की. ते कसं?

ठिपका :

पालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत, लोकसभा-विधानसभा केंद्रीय आयोगाच्या. दोन्ही घटनात्मक, पण स्वतंत्र. राज्यात स्थानिक निवडणुकांना बरीच वर्षं मार्कर पेन वापरलं गेलं. पेनाने एकदा हलकेच टेकवलं तर शाई पुरेशी उतरत नाही. नखावर आणि त्वचेवर तीन-चार वेळा घासावं लागतं आणि वाळू द्यावं लागतं. तक्रारी आल्या त्या बहुतेक इथेच.

आटपाडीकर :

आता केंद्रातलं. मतदान सातला सुरू होणार असेल तर खरा दिवस साडेपाचला सुरू होतो. नव्वद मिनिटं आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला लुटूपुटीचं मतदान घ्यायचं असतं. पक्षांचे निदान दोन प्रतिनिधी समोर हवेत. नसतील तर पंधरा मिनिटं थांबून पुढे जायचं. नोटासकट ('यांपैकी कुणीही नाही') प्रत्येक बटणाला मत पडलं पाहिजे आणि एकूण किमान ५० मतं झाली पाहिजेत. कुणी कुठल्या बटणाला किती मतं दिली ते कागदावर टिपत जायचं.

मग कंट्रोल युनिटवर, म्हणजे अधिकाऱ्याजवळच्या यंत्रावर, आधी क्लोज बटण, मग रिझल्ट. यंत्राचा निकाल, व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्यांची मोजणी आणि टिपलेला कागद या तिन्हींचा मेळ बसला की क्लिअर, म्हणजे यंत्रातली मतं पुसायची. पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढून मागे 'अभिरूप मतदान' असा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून सील करायच्या आणि रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची. मग निकालाच्या कप्प्यावर हिरवं कागदी सील. त्यावर केंद्राध्यक्षांची सही असते आणि प्रतिनिधींनाही करता येते. सीलचा अनुक्रमांक प्रतिनिधींनी टिपून घ्यावा. मोजणीच्या दिवशी तोच क्रमांक पाहायचा असतो. क्रमांक न टिपता नुसती सही करून चहाला गेलेला प्रतिनिधी पक्षाच्या काही कामाचा नाही.

इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्लिअर करायचं राहून जाणं. मग ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि संध्याकाळी रजिस्टरातला आकडा व यंत्रातला आकडा जुळत नाही. अशी यंत्रं मोजणीच्या दिवशी बाजूला ठेवतात. जय-पराजयातलं अंतर त्या यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी निघालं तरच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून निकाल लावतात.

जोडणी साधी आहे. बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅट कंट्रोल युनिटला. सगळं बॅटरीवर, भिंतीतल्या विजेशी संबंध नाही. व्हीव्हीपॅटच्या मागे एक खटका असतो. आडवा असेल तर प्रवासासाठी कुलूपबंद, उभा केला की कामाला तयार. आडव्या स्थितीत चालू केलं की चूक दाखवतं आणि मग 'यंत्र बिघडलं' अशी बातमी होते. दुसरी चूक उजेडाची. व्हीव्हीपॅटच्या बरोबर वर बल्ब किंवा समोर उघडी खिडकी असली की आतल्या सेन्सरचा गोंधळ उडतो. शाळेच्या वर्गात जागा ठरवताना हे आदल्या संध्याकाळीच पाहावं, सकाळी टेबलं हलवायला वेळ नसतो.

मतदान सुरू झाल्यावर फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात. बॅलट किंवा कंट्रोल युनिट बिघडलं तर तिन्ही बदलून प्रत्येक उमेदवाराला एकेक मताचं छोटं अभिरूप मतदान पुन्हा घेतात.

माणसांची वाटणी अशी: पहिला अधिकारी चिन्हांकित यादी धरून बसतो आणि नाव मोठ्याने वाचतो. मोठ्यानेच, कारण प्रतिनिधींना हरकत घ्यायची तर नाव ऐकू यायला हवं. नोंदीच्या चौकटीवर तिरकी रेघ मारतो. स्त्री मतदार असेल तर अनुक्रमांकाला गोलही करतो, तृतीयपंथी मतदारासाठी तारा. यावरूनच दर दोन तासांनी स्त्री-पुरुष आकडे वर जातात. दुसरा अधिकारी १७-ए या मतदारांच्या रजिस्टरात सही किंवा अंगठा घेतो, शाई लावतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण दाबतो. मतदाराने बटण दाबलं की लाल दिवा लागतो, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, कापून पडते, लांब शिट्टी वाजते. ती वाजेपर्यंत आतून निघू नका.

बॅलट बटण दाबलं आणि मतदार मत न देताच निघून गेला, तर? पुढच्या मतदाराला तेच चालू मत वापरू देतात. पहिल्याच्या नावापुढे रजिस्टरात शेरा पडतो. तो शेवटचा मतदार असेल तर यंत्र बंद करून, जोडणी सोडून, मग क्लोज करावं लागतं, कारण मत अर्धवट असताना क्लोज चालत नाही.

रानजाई :

सुंदर माहिती. एक व्यावहारिक शंका. दर वेळी "कार्ड आहे पण यादीत नाव नाही" अशी ओरड होते. दोष कुणाचा?

नमुना_आठ :

कार्ड म्हणजे फक्त ओळख. हक्क यादीतल्या नावाचा. कार्ड नसलं तरी आधार, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा टपालाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड यांपैकी काहीही चालतं. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही, २०१९ पासून. ती फक्त भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कळायला. कार्डावर नावाचं एखादं अक्षर चुकलंय म्हणून परत पाठवता येत नाही. दुसऱ्या मतदारसंघात मिळालेलं कार्डही चालतं, नाव या केंद्राच्या यादीत असलं की झालं.

नावं का गळतात? माझ्या माहितीतली कारणं, वारंवारितेच्या क्रमाने. घर बदललं आणि जुन्या पत्त्यावर बीएलओला (केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) कुणी भेटलं नाही. लग्नानंतर सासरी नमुना ६ (नवीन नोंदणीचा अर्ज) नव्याने भरला, माहेरची नोंद तशीच राहिली, मग दुबार म्हणून एक उडवताना चुकीची उडाली. इमारत पुनर्विकासाला गेली आणि तीनशे नावं एकदम 'स्थलांतरित' ठरली. आणि पुष्कळदा नाव असतंच, फक्त केंद्र बदललेलं असतं. केंद्रावरच्या मतदारांची मर्यादा आधी १५०० होती, आता १२०० केली आहे. मर्यादा ओलांडली की यादीचा भाग फुटतो आणि निम्मी गल्ली दुसऱ्या शाळेत जाते.

नमुने लक्षात ठेवायला सोपे आहेत. पहिल्यांदा नाव घालायचं तर ६. कुणाचं काढायचं किंवा नोंदीवर हरकत घ्यायची तर ७. बाकी सगळं ८: पत्ता बदल, दुरुस्ती, नवं कार्ड, अपंगत्वाची नोंद. घर बदललेल्यांनी ६ भरू नका, ८ भरा. दुबार नोंदींचं मूळ तिथे आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे वय १८ पूर्ण आहे का ते पाहायच्या तारखा. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते, त्यानंतर कायद्यानेच नाव घालता येत नाही. अर्जावर हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात, म्हणजे तुमचा अर्ज त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोचला पाहिजे. बहुतेक मंडळी प्रचाराचे भोंगे वाजायला लागल्यावर जागी होतात. १९५० या क्रमांकावर फोन करून किंवा आयोगाच्या पोर्टलवर नाव तपासायला दोन मिनिटं पुरतात.

स्थानिक निवडणुकांसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. फोडताना रस्त्याच्या अलीकडची चाळ पलीकडच्या प्रभागात जाते. प्रारूप यादीवर हरकतींची मुदत असते, ओरडायचं तर त्याच काळात.

खडूस :

माहिती उत्तम. पण राष्ट्रीय एकात्मता वगैरे मला पटत नाही. लोक जात पाहून मत देतात, पैसे घेऊन देतात, आणि मुंबईत तर देतच नाहीत. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबई पन्नास टक्क्यांच्या आसपास, गडचिरोली-चिमूर सत्तरच्या पुढे. कुठली एकात्मता?

सातपुडा :

खडूसराव, आकडे बरोबर आहेत, पण टक्केवारी काढताना छेदात काय आहे तेही पाहा. शहरातल्या यादीत सोडून गेलेले, दुबार, वारलेले असे जास्त असतात, त्यामुळे टक्का मुळातच खाली दिसतो. तरी गडचिरोलीचं श्रेय कमी होत नाही. २०२४ ला तिथल्या नक्षलग्रस्त भागांत मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढंच होतं. कर्मचारी आणि यंत्रं हेलिकॉप्टरने पोचवावी लागली. तीन तास कमी मिळूनही लोक आले.

आणि एकात्मता म्हणजे सगळ्यांनी एकच मत देणं थोडीच? माझ्यासाठी ती अंतराच्या नियमात आहे. मतदाराला केंद्रासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, असं धोरण आहे. म्हणून गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र उघडतं. अरुणाचलात मालोगामला तसंच, तिथे पथक डोंगर चढून चालत जातं. हिमाचलात ताशीगंगचं केंद्र १५,२५६ फुटांवर. आपल्याकडे विधानसभेचा क्रमांक १ मतदारसंघ अक्कलकुवा, नर्मदेच्या फुगवट्यालगतच्या पाड्यांपर्यंत. तिथे पथकांना बोटीने जावं लागतं. एका माणसासाठीही तेच यंत्र, तेच १७-ए, तेच हिरवं सील. दक्षिण मुंबईच्या केंद्रात काही वेगळं नसतं.

मात्र या नियमाला एक मोठं भोक आहे, स्थलांतरित मजुरांचं. केंद्र गावापासून दोन किलोमीटरवर, पण माणूस गावापासून दोनशेवर. बीड, अहिल्यानगर, नंदुरबारकडचे ऊसतोड मजूर हंगामात फडावर असतात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, म्हणजे हंगामाच्या ऐन तोंडावर. नाव कामाच्या ठिकाणी हलवावं तर तिथला मुक्काम पाच महिन्यांचा. कलम १३५-ब नुसार मतदानादिवशी भरपगारी सुट्टी मिळते, रोजंदारीवाल्यांनाही. पण न देणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत. मुकादमाच्या उचलीपुढे तो किती टिकणार? आयोगाने २०२३ च्या जानेवारीत एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळणारं दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. पक्षांच्या विरोधामुळे गाडी तिथेच अडली. हा प्रश्न सुटेपर्यंत मी तरी फार छाती फुगवणार नाही.

खडूस :

हे मान्य. बरं, सीमेवर दोन-दोन ठिकाणी मत देणाऱ्यांचं काय?

सातपुडा :

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं म्हणताय ना. महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांचा दावा, दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्ही याद्यांत नावं. कायदा स्पष्ट आहे, एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नोंद चालत नाही. पण तिथे दोष फक्त माणसांच्या माथी मारता येत नाही, दोन्ही सरकारांनीच दोन्हीकडे नोंदवलंय. २०२४ ला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला आणि तेलंगणचं १३ मेला होतं. ठिपका यांनी वर लिहिलंय तसं, नखावरची रेघ तेवढ्या दिवसांत पुरती जात नाही.

दूरदेशी :

परदेशातल्यांसाठी कुणी लिहील का? इथे मराठी मंडळात दर निवडणुकीला ऑनलाइन मतदानाच्या अफवा फिरतात.

नमुना_आठ :

ऑनलाइन मतदान नाही, टपालानेही नाही. पासपोर्ट भारतीय असेल आणि दुसरं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर नमुना ६-ए भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः त्या केंद्रावर यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. या मतदारांना फोटो ओळखपत्र दिलं जात नाही. ओसीआय कार्डधारक भारताचे नागरिक नाहीत, त्यांना मत नाही. सैन्यातले आणि परदेशातल्या भारतीय दूतावासांतले कर्मचारी सेवा मतदार म्हणून वेगळे, त्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि टपालाने परत येते.

देशातच पण घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी: ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले नमुना १२-डी भरून घरून मत देऊ शकतात. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत अर्ज हवा. एकदा मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे घरच्यांनी आधीच ठरवावं.

मांडवी_काठ :

खडूस यांच्या प्रश्नाला गोव्यातून एक जोड. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, असा सरळ प्रश्न, त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये वेगळा कायदा केलेला. चिन्हं दोन, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. निकाल: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

पुढचं जास्त महत्त्वाचं. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षच पुन्हा निवडून आला, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. एकाच मतदाराने एक प्रश्न एका तऱ्हेने सोडवला आणि राज्य चालवायला माणसं दुसऱ्या तऱ्हेने निवडली. भाषेवरून घराघरांत वाद असतानाही हरलेल्या बाजूने निकाल मानला. खडूसराव, एकात्मता शोधायची तर हरलेल्यांच्या वागण्यात शोधा.

खडूस :

हे आवडलं. पण हरलेल्याने निकाल मानावा तर मोजणीवर भरवसा हवा. व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजा म्हटलं तर काय बिघडतं?

आटपाडीकर :

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला ती मागणी फेटाळली. सध्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात, हे २०१९ च्या आदेशापासून. २०२४ च्या निकालाने दोन गोष्टी वाढल्या. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरण्याची युनिटं ४५ दिवस सीलबंद ठेवायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. पुरेसं आहे का, यावर वाद घाला, घालायलाच हवा. माझं मत विचाराल तर पाच हा आकडा वाढवायला हरकत नसावी.

पण जे आज हातात आहे ते तरी पक्ष वापरतात का? मतदान संपल्यावर १७-सी हा हिशेबाचा नमुना भरतात. त्यात यंत्राचे क्रमांक, एकूण मतं, सीलचे क्रमांक. त्याची साक्षांकित प्रत प्रत्येक प्रतिनिधीला मिळते, मागायचीही गरज नाही. मोजणीच्या टेबलावर ती प्रत हातात असेल तर यंत्र बदललं, आकडा वाढला, या शंकेचं उत्तर जागच्या जागी मिळतं. प्रत्यक्षात निम्मे प्रतिनिधी पाचच्या सुमारासच गायब. मग महिनाभर समाजमाध्यमांवर आरोप.

चिठ्ठीवर दुसरंच चिन्ह दिसलं, असं वाटलं तर नियम ४९-एमए आहे. लेखी घोषणा द्यायची, मग केंद्राध्यक्ष प्रतिनिधींसमोर चाचणी मत द्यायला लावतात. तक्रार खरी ठरली तर मतदान तिथेच थांबतं. खोटी ठरली तर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई. लोक म्हणतात ही धमकी आहे. शिक्षेची भीती जरा जास्तच आहे, इथे खडूसरावांशी सहमत.

रानजाई :

शेवटची शंका. केंद्रावर गेल्यावर "तुमच्या नावावर मत पडून गेलंय" असं सांगितलं तर?

नमुना_आठ :

परत फिरू नका. 'प्रदत्त मत' मागा. केंद्राध्यक्ष ओळख पटवणारे प्रश्न विचारतात, पटली की नमुना १७-बी मध्ये सही घेऊन कागदी मतपत्रिका देतात. मागे 'प्रदत्त' असा शिक्का असतो. बाणफुलीचा शिक्का हव्या त्या नावासमोर मारायचा आणि घडी करून केंद्राध्यक्षांकडे द्यायची. ती वेगळ्या लिफाफ्यात सील होते. यंत्रातल्या मतांत ती मिळवत नाहीत आणि मोजणीच्या दिवशी मोजलीही जात नाही. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाने सांगितलं तरच उघडते. मग उपयोग काय? २०२४ ला उत्तर-पश्चिम मुंबईत ४८ मतांनी निकाल लागला आणि पुढच्या याचिकेत प्रदत्त मतांचाच मुद्दा होता. याचिका टिकली नाही, पण अशा निकालात तो लिफाफा म्हणजे पुरावा. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले होते, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६.

उलट बाजूही आहे. समोरचा माणूस खोटा आहे अशी प्रतिनिधीची खात्री असेल तर दोन रुपये रोख भरून आक्षेप घेता येतो. चौकशी तिथल्या तिथे होते. आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो, टिकला तर त्याला पोलिसांकडे देतात. बीएलओंनी गैरहजर, स्थलांतरित, मृत अशी जी यादी केलेली असते, तिच्यात चुकून तुमचं नाव असलं तरी मत देता येतं. ओळख कसून तपासतात आणि सहीबरोबर अंगठाही घेतात, एवढंच.

रानजाई :

आणि सहा वाजता रांग मोठी असली तर?

आटपाडीकर :

सहाच्या ठोक्याला जे रांगेत त्या सगळ्यांचं मत होणार, रात्रीचे नऊ वाजले तरी. केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या वाटतात आणि वाटायला सुरुवात करतात रांगेच्या शेवटच्या माणसापासून. क्रमांक एक त्याला, मग पुढे पुढे. पुढून वाटल्या तर वाटप होईपर्यंत मागे आणखी दहा जण येऊन उभे राहतात आणि भांडण जुंपतं. त्यामुळे साडेपाच वाजले म्हणून घरी बसू नका, पावणेसहाला पोचलात तरी चालेल. फोन मात्र बाहेर ठेवावा लागेल.